वेलांटीला जागा हवी

गावोगावच्या दैनिकांत पाने लावणाऱ्या बंधुभगिनींनो,

१८८१ साली 'केसरी' आणि १९३२ साली 'सकाळ' याच पुण्यातून निघाले. त्याही आधी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. रयत आणि राज्यकर्ते दोघांनीही एकच पान वाचावे, अशी ती मांडणी होती.

मराठीचे पान लावणे कठीण, कारण आपली अक्षरे वरखाली वाढतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. खिळे जुळवून छपाई होई तेव्हा जोडाक्षरांमुळे जुळाऱ्यापुढे खिळ्यांची शेकडो घरे असत. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची ही संख्या कमी करण्याच्या कामात लक्ष घातले होते. छापता छापता मथळ्यातला रफार मोडला, तर फर्मा सोडून खिळा बदलावा लागे.

पुढे 'महाराष्ट्र टाइम्स'मधल्या नाटकांच्या जाहिराती आल्या. त्यांत अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी हाताने काढलेली नाटकांची नावे वाचक बातम्यांइतक्याच आवडीने पाहत. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच कळे.

आज पान संगणकावर झटपट लागते, रंग आहेत, आलेख आहेत. मात्र रोमन लिपीसाठी बेतलेल्या चौकटीत देवनागरी कोंबलेली पाहिली की मला वाईट वाटते. मथळ्याच्या ओळींत अंतर कमी पडले की वरच्या 'कु'चा उकार खालच्या 'कि'च्या वेलांटीवर आदळतो. अक्षरे आडवी दाबली की 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसू लागतात. वयस्कर वाचक आपल्या चष्म्याला दोष देतात. दोष आपल्या पानाचा असतो.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे आहे. ओळींमधले अंतर आणि अक्षराचा किमान आकार मराठीच्या गरजेप्रमाणे ठरवणारा एक आराखडा परिषदेच्या या दोन दिवसांत तयार व्हावा. आणि पान लावणाऱ्याचे नाव पानावर यावे. बातमीदाराचे येते, छायाचित्रकाराचे येते. मध्यरात्री मोठी बातमी आली म्हणून अख्खे पान मोडून पुन्हा लावणाऱ्याचे येत नाही. हा अन्याय आता थांबावा.

शेजारच्या दालनात खिळ्यांच्या केसी मांडल्या आहेत. शहरातले निवृत्त जुळारी खास आपल्यासाठी आले आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहून आपल्या दैनिकाचे नाव स्वतः जुळवून पाहा. जेवणाची सोय तळमजल्यावर आहे.