यकृताची राखण



रानडुकरांपासून पीक वाचावे म्हणून आपण शेतात जागल्या ठेवतो. पण जागल्याच उलटला आणि पिकावर काठी चालवू लागला तर? ल्युपस हा आजार असाच आहे. आपल्या रक्तात रोगजंतूंना हाकलणारे राखणदार असतात. या आजारात ते आपल्याच शरीरावर उलटतात. सांधे दुखतात. केस गळतात. गालांवर व नाकावर लाल चट्टा उठतो. दहा रोग्यांत सुमारे नऊ बाया असतात; त्याही बहुधा तरुण. ऊन लागले की आजार बळावतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा डोक्यावर पदर, अंगभर कपडा हवाच.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून त्या बाईचे ताट वेगळे करू नका.

आता यकृताचे ऐका. बोकडाची कलेजी म्हणतो ना, तेच यकृत. आपले यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. ते रक्तातले विष काढते. त्याला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की आत वण पडतात. मऊ यकृत कठीण व गाठाळ होते. यालाच सिरोसिस म्हणतात. मग पोटात पाणी भरते, पाय सुजतात, रक्ताची उलटी होते.

ल्युपसने सिरोसिस होतो का? नुसत्या ल्युपसने क्वचितच होतो. पण धोक्याच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट : काहींचे राखणदार यकृतावरही उलटतात. वेळीच औषध मिळाले तर बहुधा हे आवरता येते.

दुसरी : काविळीचा 'ब' विषाणू. ल्युपसची काही औषधे राखणदारांना शांत करतात. मग अंगात दबून बसलेला हा विषाणू डोके वर काढतो. म्हणून अशी औषधे सुरू करण्याआधी 'ब' आणि 'क' काविळीची रक्ततपासणी करून घ्यावी.

तिसरी : मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या. त्या यकृताला बाधू शकतात. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावे. दारूला तर शिवूही नये.

म्हणून गोळ्या फेकून द्यायच्या का? मुळीच नाही! स्टेरॉइडची गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतते. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच.

डोळे पिवळे झाले तर गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहू नका. झाडपाल्याचा रसही पिऊ नका. शौच डांबरासारखे काळे झाले किंवा रक्त पडले तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे. 2018 साली सरकारने काविळीच्या विषाणूंविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात 'ब' आणि 'क' काविळीची तपासणी व औषध मोफत मिळते.

आम्ही एवढेच सांगतो. दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. आता तुम्हाला वाचता येते. गोळीचे नाव वाचा, तारीख वाचा. समजले नाही तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज कसली? राखण वेळेवर केली तरच पीक हाती लागते.