श्रवणयंत्राचे सुटे भाग : बसणे आणि जुळणे
(चाळीसगाव येथील व्यावसायिक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

स्वागताध्यक्ष, श्रवणतज्ज्ञ, कर्णबधिर मुलांचे शिक्षक, श्रवणयंत्रांचे विक्रेते आणि दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ यांच्या या सभेपुढे अध्यक्षपदावरून मांडावयाचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. श्रवणचाचणी, यंत्राची निवड आणि शासकीय योजना यांवर परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु यंत्र घेतल्यावर काही महिन्यांतच जी नळी कडक होते, जी वायर तुटते किंवा सेलच्या कप्प्याचे जे झाकण मोडते, त्याच्या जागी नेमके काय बसवावे, हा प्रश्न बहुधा दुकानाच्या काउंटरवर आणि तोही घाईघाईने निकालात काढला जातो. चष्म्याची काडी बदलली म्हणून त्याचा नंबर बदलत नाही. श्रवणयंत्राची नळी बदलली तर मात्र त्याचा ‘नंबर’ बदलू शकतो, आणि या फरकाकडे व्यवसायाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भाग जागेवर बसला म्हणजे तो यंत्राला जुळला, हे गृहीतक पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी आहे. मायक्रोफोनने टिपलेला आवाज प्रवर्धकात, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या मंडलात, मोठा होतो, रिसीव्हर त्या विद्युतसंकेताचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो आणि नळी व कर्णसाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘मोल्ड’ म्हणतात तो कानाच्या मापाने घडवलेला तुकडा, तो आवाज पडद्यापर्यंत पोहोचवतात. या साखळीतील प्रत्येक कडी लक्षात घेऊनच श्रवणतज्ज्ञ यंत्राची मांडणी करतो, म्हणून सुटा भाग निवडणे हा त्या मांडणीचाच एक भाग ठरतो आणि त्याला केवळ खरेदी मानणे चूक आहे.

ही निवड प्रत्यक्षात कोठे होते, तेही पाहिले पाहिजे. चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन. येथून जळगाव रेल्वेने सुमारे ९२ किलोमीटर आणि धुळे शाखामार्गाच्या गाडीने सुमारे ५६ किलोमीटर. गिरणाकाठच्या किंवा कन्नड घाटाच्या पायथ्याच्या खेड्यातून बोटभर नळीसाठी जळगाव गाठायचे म्हणजे एका माणसाची, आणि सोबतीला कोणी हवे असल्यास दोन माणसांची, दिवसाची मजुरी बुडते. साहजिकच ‘कानाचे मशीन’ प्रथम जवळच्या घड्याळवाल्याकडे किंवा मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर जाते. त्या दुकानदाराला नावे ठेवून काही साधत नाही; त्याच्यापर्यंत योग्य माहिती कोणी पोहोचवली, हा खरा प्रश्न आहे.

सेलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कानामागच्या आणि कानातल्या यंत्रांचे बदलायचे सेल जस्त-वायू प्रकारचे असतात. सेलमधील जस्त बाहेरच्या हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वीज निर्माण करते, म्हणूनच त्याच्या सपाट बाजूवर बारीक छिद्रे आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी असते. जगभर चार मापे रूढ आहेत : १० (पिवळी पट्टी), ३१२ (तपकिरी), १३ (नारिंगी) आणि ६७५ (निळी). यांपैकी १३ आणि ३१२ यांचा व्यास सारखाच, ७.९ मिलिमीटर, असून जाडी मात्र अनुक्रमे ५.४ आणि ३.६ मिलिमीटर असते. त्यामुळे १३ च्या कप्प्यात ३१२ सैल पडतो आणि ३१२ च्या कप्प्यात १३ घालून झाकण दाबले की बिजागरी तुटते. याहून फसवी गोष्ट ६७५ ची आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याचे नाव ‘पीआर ४४’, तर खेळण्यांत आणि गणकयंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या अल्कलाइन बटन सेलचे नाव ‘एलआर ४४’; दोहोंचा आकार एकच, ११.६ गुणिले ५.४ मिलिमीटर, आणि फरक आहे तो पहिल्या अक्षराचा, कारण ते अक्षर आतील रसायन सांगते. दुकानदार ४४ हा आकडा पाहतो, सेल तंतोतंत बसतो, यंत्र सुरूही होते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु या सेलची साठवण जस्त-वायू सेलच्या पाव हिश्शाहूनही कमी असते आणि वापरागणिक त्याचा विद्युतदाब उतरत जात असल्याने जास्त शक्तीचे यंत्र मोठ्या आवाजाला फाटके बोलू लागते. यंत्र बिघडले, असा निष्कर्ष मग घरचे काढतात.

खानदेशातील हवेचाही येथे विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला आणि हवा कोरडी पडली की पट्टी काढलेल्या सेलमधील ओलावा लवकर उडतो. पावसाळ्यात उलट बाहेरचा दमटपणा आत शिरतो. म्हणून सहा महिन्यांचा साठा पत्र्याच्या घरात ठेवण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांपुरते सेल छापील मुदत पाहून घ्यावेत, पट्टी काढल्यावर काही मिनिटे हवा लागू देऊन मगच झाकण लावावे आणि एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून सेल ‘वाचतो’ हा समज सोडावा. लहान मुलाच्या यंत्राला नवे झाकण घेताना ते कुलूपबंद प्रकारचेच मागावे, कारण गिळलेला बटन सेल अन्ननलिका जाळतो.

खिशात ठेवायच्या यंत्राचा अजूनही वापर आहे. अपंगांना साहाय्यक साधने देणारी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ सालची, आणि तिच्याखाली भरणाऱ्या शिबिरांतून कानपूरच्या ‘अॅलिम्को’ या सार्वजनिक उपक्रमाची यंत्रे खेड्यापाड्यांत पोहोचली. या यंत्राला साधा पेन्सिल सेल चालतो, तो किराणा दुकानातही मिळतो, आणि म्हणूनच म्हाताऱ्या माणसांना ते सोयीचे वाटते. त्याचा कमकुवत दुवा म्हणजे वायर आणि तिच्या टोकाचे बटन, म्हणजेच रिसीव्हर. वायर बदलताना दोन्ही टोकांच्या पिनांची संख्या आणि जाडी पाहिली जाते, हे ठीकच. परंतु रिसीव्हरचा विद्युतरोध यंत्राच्या अपेक्षेहून वेगळा असेल तर आवाज कमी पडतो किंवा घोगरा होतो, आणि बाहेरून दोन्ही बटने जुळ्या भावांसारखी दिसत असल्याने हा दोष डोळ्यांना कळत नाही. एका वायरीला दोन फाटे फोडून दोन्ही कानांना लावण्याची युक्ती शक्ती वाटून टाकते, याचीही आठवण गिऱ्हाइकाला द्यावी.

कानामागच्या यंत्रात नळी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. प्रचलित १३ क्रमांकाच्या नळीचा आतील व्यास १.९३ मिलिमीटर असतो. तिच्याऐवजी सलाइनची किंवा मत्स्यालयाची बारीक नळी बसवली तर उंच पट्टीचे ध्वनी दबतात, आणि मराठीतील स, श, च यांची ओळख नेमकी त्या पट्टीवर अवलंबून असते. अशा नळीतून माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. ‘ऐकू येते पण समजत नाही’ या तक्रारीचे हेही एक कारण असते. शक्तिशाली यंत्रांना जाड भिंतीची नळी लागते, अन्यथा नळीच्या भिंतीतून झिरपलेला आवाज मायक्रोफोनपर्यंत परत जाऊन शिट्टी वाजते. नळी आणि यंत्र यांना जोडणाऱ्या आकड्यात, म्हणजे हुकात, कधी कधी ध्वनिरोधक बारीक जाळी असते. तिच्यामुळे १००० हर्ट्झच्या आसपासचा बोचरा उठाव सपाट होतो, आणि जाळी नसलेला आकडा बसवला की तोच आवाज कानाला टोचू लागतो. मुलाचा कान वाढतो तेव्हा मोल्डच नवा करावा लागतो, तेथे नळी बदलून भागत नाही.

रिसीव्हर कानात बसणाऱ्या नव्या यंत्रांत गुंतागुंत अधिक आहे. त्यांच्या बारीक तारेला लांबीचे क्रमांक असतात, शक्तीच्या पायऱ्या असतात, उजव्या कानाला लाल आणि डाव्याला निळी खूण असते. टोकाला बसणारी सिलिकॉनची टोपी, म्हणजे डोम, उघडी, बंद किंवा जास्त शक्तीची असते. उघड्या डोममधून खालच्या पट्टीचा आवाज निसटतो आणि तो निसटावा अशीच मांडणी केलेली असते. त्याजागी बंद डोम लावला की स्वतःचे बोलणे रांजणात बोलल्यासारखे घुमते. शक्तीची पायरी बदलली तर कधी गरजेपेक्षा मोठा आवाज कानात जाऊन उरलेसुरले श्रवण धोक्यात येते, म्हणून असा रिसीव्हर संगणकावरील नोंद बदलल्याशिवाय कधीही देऊ नये.

सेलच्या बाबतीत उत्पादकांनी रंग आणि माप यांवर एकमत केले. डोम, रिसीव्हर आणि मळ अडवणारे फिल्टर यांच्याबाबत मात्र प्रत्येकाने आपला खुंटा वेगळा ठोकला, आणि त्यात ग्राहकाची सोय कोठेच दिसत नाही. ‘सर्व यंत्रांना चालणारा’ असे लिहिलेला डोम सैल बसला तर तो कानातच राहून जातो आणि मग कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाव घ्यावी लागते. कंपन्यांच्या नात्यागोत्यांची माहिती असल्यास थोडी वाट निघते : फोनॅक आणि युनिट्रॉन सोनोव्हा समूहाची, ओटिकॉन आणि बर्नाफोन डेमंटची, तर सिग्निया आणि वायडेक्स २०१९ पासून एका छत्राखाली आहेत. जुन्या बिलावर ‘सीमेन्स’ असेल तर त्या यंत्रांचा वारसा सिग्नियाकडे आहे. तरीही एकाच घराण्यातील दोन यंत्रांचे भाग जुळतीलच असे नाही. मॉडेल पाहूनच ठरवावे.

लिथियम सेलच्या यंत्रांचे चार्जर त्या त्या मॉडेलचेच लागतात. कर्णावर्त रोपणाच्या, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांटच्या, बाह्य भागांत अदलाबदलीला वावच नाही. त्यांचा ६७५ सेलदेखील जास्त प्रवाह देणारा, वेगळा असतो.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने श्रवणयंत्र आणि कर्णसाचा तंत्रज्ञांना पुनर्वसन व्यावसायिकांत स्पष्ट स्थान दिले आहे, आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत त्याच कामाची पदविका शिकवली जाते. असा तंत्रज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. विक्रेत्याने बिलाच्या मागे मराठीत यंत्राची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक, सेलचे माप, नळीची जाडी, रिसीव्हरची बाजू, लांबी व शक्ती, डोमचा प्रकार व आकार आणि फिल्टरचे नाव लिहून द्यावे. ग्राहकाने त्या पानाचा फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि तुटलेला भाग फेकून न देता यंत्रासह दुकानात न्यावा. घड्याळवाल्यालाही एवढे लिहिलेले दिसले तर तो ४४ आकडा पाहून सेल देणार नाही. या नोंदीला दोन मिनिटे लागतात, परवानगी कोणाचीही लागत नाही. सभेतील विक्रेत्यांनी ती उद्याच्या पहिल्या बिलापासून सुरू करावी, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे.