चोळमंडल: एकांत आणि सोबत

चित्रकाराला काम करताना एकांत लागतो, पण वर्षानुवर्षं एकट्यानं टिकून राहणं कठीण असतं. मद्रासच्या चित्रकारांनी यावर 1966 मध्ये एक वाट शोधली. कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकारानं, शहराच्या दक्षिणेला, इंजमबक्कमच्या समुद्रकाठी चोळमंडल हे कलाग्राम उभं राहिलं.

पैसा आला कुठून? चित्रं तेव्हा फारशी विकली जात नसत. म्हणून या मंडळींनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू बनवल्या आणि त्या विकून जमीन घेतली. पोटापाण्याचा हा उद्योग सगळ्यांचा, चित्र मात्र ज्याचं त्याचं. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. हस्तकलेनं घर चालत असेल, तर चित्र गिऱ्हाइकाच्या मर्जीनं काढावं लागत नाही.

आणि शैली? एका वस्तीत राहूनही ती एक झाली नाही. पणिकरांच्या कॅनव्हासवर अक्षरं, अंक आणि चिन्हं आली. सुलतान अलींनी आदिवासी कलेतून प्रेरणा घेतली. के. रामानुजम शाईच्या बारीक रेघांनी स्वप्नातले महाल रेखाटत. स्वभावानं ते एकलकोंडे. सहकाऱ्यांनी त्यांना आपलं मानलं, तरीही 1973 मध्ये, ऐन तारुण्यात ते गेले. सोबतीला सगळंच सावरता येत नाही, हेही सांगायला हवं.

चेन्नईला गेलात तर चोळमंडल जरूर पाहा. तिथल्या कलादालनात या पिढीची चित्रं आणि शिल्पं पाहायला मिळतात.