रेघेखालचा उजेड



कारखान्यांची सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा पुणे-नाशिक महामार्ग भर दुपारसारखा वाहत असतो. कंटेनर, नव्या कोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. आणि त्यांच्या डाव्या अंगाला, कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या कधी आत तर कधी बाहेर, सायकली. कंत्राटी कामगार, हेल्पर, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कुरुळी-निघोजे-मेदनकरवाडीत खोली करून राहणारी पोरं. यांतल्या कितीतरी सायकलींना दिवाच नसतो. मीही याच रस्त्याने जातो. भोसरीहून मोशी, मग इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा आणि कुरुळी. परतताना तोच रस्ता, पण अंधारात. पावसाळा संपता संपता मी सायकलला नवा दिवा बसवला. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, कारण त्याने मला माझ्याच कामाकडे नव्याने बघायला लावलं.

माझं काम गाड्यांच्या जुळणीच्या शेवटच्या टोकाला, तपासणीचं. तयार झालेली प्रत्येक मोटार एका यंत्रासमोर उभी राहते आणि तिचे हेडलाइट जुळवले जातात. डिपरचा उजेड पडद्यावर पडला की त्याची वरची कड स्वच्छ रेघेसारखी दिसली पाहिजे. रेघेच्या वर अंधार, खाली उजेड. वरचा अंधार समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ती रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढवलेली असते, रस्त्याच्या कडेने जाणारा लवकर दिसावा यासाठी. हा कडेने जाणारा म्हणजे पायी चालणारा, आणि सायकलवालाही. आपल्या मोटारीच्या दिव्यात त्याच्यासाठी एवढी जागा राखून ठेवलेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुकानात मिळणारा सायकलचा दिवा मात्र बहुधा बॅटरीसारखा असतो, गोल झोत फेकणारा. खोक्यावर लुमेनचा मोठा आकडा छापलेला. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप. तो रस्त्यावर पडतो की झाडांच्या शेंड्यांवर, हे त्यातून कळत नाही. माझा दिवा तसाच गोल झोताचा होता. म्हणून रस्त्यावर नेण्याआधी मी तो घराच्या भिंतीसमोर जुळवला.

हिशोब सोपा आहे. ताशी १८ किलोमीटरने सायकल चालवली तर सेकंदाला ५ मीटर अंतर कापलं जातं. खड्डा दिसला, मेंदूला कळलं, बोटांनी ब्रेक दाबला, चाक थांबलं, एवढ्यात १० ते १२ मीटर सहज जातात. रस्ता ओला असेल तर आणखी. तेव्हा उजेडाचा गाभा १५ मीटरवर पडला पाहिजे. हँडलवरचा दिवा जमिनीपासून साधारण १ मीटर उंच. सायकल भिंतीपासून ३ मीटरवर उभी करायची आणि झोताचा मधला भाग दिव्याच्या उंचीपेक्षा २० सेंटिमीटर खाली आणायचा. भिंतीवर खडूची खूण केली की पाच मिनिटांचं काम. हँडलवर बांधायचा पट्टा कितीही आवळला तरी आपल्या रस्त्यांवर दिवा हळूहळू मान टाकतो. त्यासाठी पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, तो घट्ट बसला.

मोशीपर्यंत रस्त्यावरचे दिवे आणि दुकानांच्या पाट्या एवढ्या असतात की आपला दिवा लागला आहे की नाही तेही कळत नाही. खरी परीक्षा पुलापाशी. समोरून ट्रकांचे अप्पर डोळ्यांत घुसतात, ते गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी चाकाखाली डांबराची तुटलेली कड येते. पूर्वी मी तिथे उतरून चालायचो. आता पांढरा पट्टा सलग दिसतो, पट्ट्यावर सांडलेली खडी दिसते, बिनरंगाचा गतिरोधक त्याच्या सावलीमुळे आधीच ओळखू येतो. पूर्ण तेज मी तेवढ्याच टप्प्यात वापरतो. एरवी मधली पायरी पुरते आणि चार्जही टिकतो. लुकलुकणारा मोड रात्री मी लावत नाही. उघडझाप करणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे, याचा अंदाज मागच्या-पुढच्याला नीट येत नाही.

जर्मनीत सायकलच्या दिव्याचा असा विचार कायद्यातच आहे. तिथे सायकलच्या पुढच्या दिव्यालाही डिपरसारखी वरची कड लागते, आणि सायकलवर लुकलुकणारे दिवे चालत नाहीत. आपल्याकडेही एके काळी दिव्याची सक्ती होती. पुण्यात अंधार पडल्यावर बिनदिव्याची सायकल पोलिसाला दिसली की दंड व्हायचा. आधी रॉकेलचा कंदील, मग टायरला घासून फिरणारा ६ व्होल्टचा डायनामो. त्याच काळात, १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि या पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं मिळाली ती मोठ्या प्रमाणात सायकलवरून. डायनामोचं एकच वाईट होतं, सायकल थांबली की दिवा विझायचा. चौकात उभा असलेला माणूस पुढून-मागून अंधारात. आजचा छोटा एलईडी आणि लिथियमचा सेल यांनी ती अडचण पार मिटवली आहे.

मागच्या दिव्याविषयी तर कळकळीने सांगतो. या रस्त्यावर धोका जास्त करून मागून येतो. लाल दिवा सीटखाली लावायची पद्धत आहे, पण आपल्या कॅरियरवर डब्याची पिशवी असते, पावसात रेनकोटची शेपटी लोंबते, आणि दिवा झाकला जातो. तो मडगार्डवर किंवा कॅरियरच्या अगदी मागच्या टोकाला लावा. शेजारी लाल रिफ्लेक्टर असू द्या. चार्ज संपला तरी तो ट्रकच्या उजेडात चमकतो.

आणि एक मागणं आहे, माझ्याच धंद्यातल्या लोकांकडे. मोटारीचे दिवे या पट्ट्यात बनतात. वाहनांच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय पुण्यातल्या एका टेकडीवर आहे, तिचं केंद्र चाकणलाही आहे. वाहनांचे भाग तपासणारी सीआयआरटी भोसरीत आहे. उजेडाची रेघ कशी आखायची, हे इथल्या हजारो हातांना ठाऊक आहे. मग हेल्परच्या पगारात परवडेल, पावसात टिकेल आणि ज्याच्या झोताला डिपरसारखी वरची कड असेल, असा सायकलचा दिवा इथेच तयार व्हायला हवा. कंपन्या गमबूट देतात, हेल्मेट देतात, चष्मा देतात. गेटच्या आत माणसाची जेवढी काळजी घेतली जाते, त्यातली थोडी गेटच्या बाहेर, कुरुळीच्या खोलीपर्यंत त्याच्यासोबत जायला हवी. सायकलने येणाऱ्या प्रत्येक कामगाराला, मग तो कंत्राटी का असेना, पुढचा-मागचा दिवा कंपनीने द्यावा, हे मी आमच्या सुरक्षा समितीपुढे लेखी मांडलं आहे. तुमच्या कंपनीतही अशी समिती असेल, तर तुम्हीही मांडा.