दफ्तर कोणाचें?
(एका गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही दफ्तराविषयीं बोलणार आहों. दफ्तर म्हटलें कीं कुणब्याच्या पोटांत गोळा येतो, आणि त्यास कारणही आहे. आपल्या वाडवडिलांच्या कितीएक जमिनी कागदावरच गेल्या. गांवचे कागद मोडींत असत, मोडी कुळकर्ण्यास येई, आणि आपण खालीं अंगठा उठवीत असूं. त्यानें वाचून सांगावें व आपण मान डोलवावी, असा तो व्यवहार होता.

परंतु जुने कागद पुष्कळ शिल्लक आहेत. देशाचें मोठें दफ्तर, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागार, ११ मार्च १८९१ रोजीं कलकत्त्यास सुरू झालें. १९११ सालीं राजधानी दिल्लीस नेण्याचें ठरलें, व दफ्तराची तेथील इमारत १९२६ सालीं पुरी झाली. आपल्या जवळ पुण्यास पेशवे दफ्तर आहे. त्यांत हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. पेशवाई १८१८ सालीं बुडाल्यावर इंग्रजांनीं हे कागद ताब्यांत घेतले, आणि १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें ते पुढें ठेवून इनामें तपासलीं. ज्यास हक्क शाबीत करतां आला नाहीं, त्याचें इनाम गेलें. कागदाचें बळ असें असतें.

हे कागद जगविले कोणीं? दिल्लीच्या इमारतीचा नकाशा लट्येन्स साहेबाचा, हें पुस्तकांत छापलेलें आहे. दगड घडविणाऱ्या पाथरवटांस तेथें जागा नाहीं. आंतल्या कामाचेंही तसेंच. रुमाल सोडून धूळ झाडणारा, कसर व वाळवी पाहणारा, फाटक्या पानास पातळ कागद व खळ लावून सांधणारा, ओझें घेऊन शिडी चढणारा दफ्तरी, पहांटे फरशी पुसणारी बाई, हीं माणसें कोणाच्या घरचीं? आपल्याच घरचीं.

केंद्र सरकारच्या कागदांसाठीं १९९३ सालीं कायदा झाला. १८९२ पूर्वींचा कागद अगदींच निरुपयोगी झाल्याचें मुख्य अधिकाऱ्यानें ठरविल्यावांचून तो नष्ट करतां येत नाहीं; कायदा मोडणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हें योग्यच झालें. पण कागदाची धूळ ज्याच्या छातींत जाते, त्याच्याविषयीं त्यांत कांहीं नाहीं. सरकारी इमारतींतील झाडलोट व पहारा आतां पुष्कळ ठिकाणीं ठेकेदाराकडे असतो. दफ्तरांतील कामेंही ठेक्यानें दिलीं, तर ठेका बदलतांच माणूस बदलेल, आणि कोणता रुमाल कोठें आहे हें त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर दाराबाहेर जाईल. मग नुकसान तुमचें आमचेंच.

तें कसें, तें पाहा. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यास महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली. जागोजाग जुने कागद उघडले, तों अडचण आली कीं मोडी वाचणारेच थोडे! एकेका नोंदीसाठीं घरेंच्या घरें हवालदील झालीं. ज्या लिपीनें आपणांस नाडलें, तिच्यांतच आपला पुरावा होता.

म्हणून आमचें सांगणें तीन गोष्टींचें आहे. गांवांत निदान दोन मुलांस, व त्यांत एक मुलगी असो, मोडी शिकवा. घरच्या पेटींतील जुने कागद कोरड्या जागीं सुती फडक्यांत बांधा. त्यांस चिकटपट्टी लावूं नका, तिनें कागद नासतो. आणि दफ्तरांत गेलांत तर रुमाल काढून देणाऱ्या दफ्तऱ्याशीं अदबीनें बोला, त्याच्या पगाराची व नोकरीची चौकशी करा, आणि आपल्या आमदाराकडे तीही तक्रार न्या. झाडणारा हात आपला आहे; वाचणारा डोळाही आपला झाला पाहिजे. तोंवर या दफ्तरास आपलें म्हणण्याचा हक्क अर्धाच राहील.