तक्त्यावरचे वीस

(सांगली येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे श्वसन निकामी का होते आणि तसे झाल्यास उपचार कोणते, या विषयावर मी बोलावे असा चालकांचा हुकूम साताऱ्यास येऊन पोचला, तेव्हा कृष्णेच्या वरच्या अंगास राहणाऱ्याने खालच्या अंगास राहणाऱ्यांचा शब्द मोडू नये, एवढाच विचार करून मी होकार कळविला. कारण दर पावसाळ्यात आमच्याकडून तुमच्याकडे जे काही वाहत येते त्याबद्दल तुमची आमच्यावर फिर्याद आहेच, तीत आणखी एका कलमाची भर कशाला? (हशा.)

फुप्फुसांची रचना, वायुकोश, रक्ताभिसरण हे सारे मी गृहीत धरतो. ज्या गावाच्या वेशीला लागून असलेल्या मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि जेथील रिक्षावालाही कोणत्या दुखण्याला कोणता डॉक्टर हे भाडे ठरविता ठरविता सांगतो, तेथे शाळेतला धडा गिरविणे औद्धत्याचे होईल. तेव्हा एवढेच सांगतो की वैद्यक या संकटाचे मुख्यतः दोन प्रकार मानते. एकात रक्तातील प्राणवायू घटतो. धमनीतील त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरांखाली उतरला की धोक्याची रेषा ओलांडली. दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. त्याचा दाब ४५ च्या वर चढतो, रक्त आम्ल होऊ लागते आणि रुग्णाला गुंगी येते.

पहिल्या प्रकाराची कारणे म्हणजे न्यूमोनिया, थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसांत साठलेले पाणी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायातून सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी, आणि १९६७ साली अमेरिकेत ॲशबॉ, पेटी आदींनी बारा रुग्णांवरून वर्णिलेला तो भयंकर प्रकार, ज्यात जंतुदोषाने किंवा आघाताने वायुकोशांतच द्रव झिरपतो. दुसऱ्या प्रकाराची कारणे म्हणजे विडीने आणि चुलीच्या धुराने जीर्ण झालेली फुप्फुसे, शस्त्रक्रियेनंतर वेदना शमविण्यासाठी दिलेले अफूच्या कुळातील औषध, मण्यारीचा दंश, द्राक्षबागेत फवारायचे कीटकनाशक पोटात जाणे, आणि २०२५ च्या जानेवारीत ज्याने पुण्याची झोप उडविली तो जीबीएस नावाचा मज्जातंतूंचा विकार. यादी येथेच संपवितो, कारण मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी.

ही गोष्ट म्हणजे रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी अडकविलेला तक्ता. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वसन असे चार रकाने असतात. पहिल्या तिहींत आकडे चढतात, उतरतात. चौथ्यात मात्र २०, पुन्हा २०, पुन्हा २० अशी एकसारखी ओळ लागलेली असते. महाराष्ट्रातील कोणत्याही रुग्णालयात जा, माणूस न्यूमोनियाने तळमळत असो की घरी जाण्यासाठी पिशवी भरून बसलेला असो, दप्तरी त्याचा श्वास मिनिटाला वीसच चालतो. मोठ्या माणसाचा विश्रांतीच्या वेळचा श्वास साधारण बारा ते वीस; म्हणजे वीस हा आकडा मोठा मुत्सद्दी आहे, तो निरोगी माणसालाही शोभतो आणि कोणी हरकत घेतलीच तर थोडे अधिक मोजल्याचे श्रेयही देतो. (हशा.)

एका रुग्णालयात, ज्याचे नाव तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये, मांडीचे हाड जोडलेला एक शेतकरी मला दाखविण्यात आला. नाडीच्या रकान्यात निळ्या शाईने ८८, ९६, १०८, १२४ अशी चढती भाजणी लागली होती. शेजारी २०, २०, २०, २०. माणूस उशाशी टेकून बसला होता, एका वाक्यात तीनदा थांबत होता, आणि मानेचे स्नायू दर श्वासाला दोरीसारखे ताठत होते. मी घड्याळ लावून मोजले, तेव्हा छत्तीस भरले. गुठळी फुप्फुसात गेली होती. योग्य औषध वेळेवर मिळून तो बरा झाला, आपल्या पायांनी घरी गेला. पण त्याच दिवशी सायंकाळी मी मुद्दाम तक्ता पाहिला, तेव्हा त्यावर त्याच निळ्या शाईत, त्याच ठाम अक्षरात पुन्हा २० लिहिलेले होते.

समोरच्या रांगेतील परिचारिका भगिनींच्या कपाळावर आठी दिसते आहे, म्हणून खुलासा करतो. माझी फिर्याद त्यांच्यावर नाही. रात्रपाळीस एकीच्या अंमलाखाली चाळीस खाटा असल्या, तर प्रत्येकी एक मिनिट म्हटले तरी केवळ श्वास मोजण्यात चाळीस मिनिटे जातात, आणि तेवढ्यात तीन सलाइन संपतात. फिर्याद आम्हा डॉक्टरांवर आहे. कारण तो रकाना आम्ही वाचत नाही, आणि जो रकाना वरिष्ठ वाचीत नाहीत तो, मामलेदार कचेरीत असो की इस्पितळात, कालच्याच आकड्याने भरला जातो. डॉक्टर मंडळींनी हसावयास हरकत नाही. मी त्यांच्यातलाच आहे.

या उपेक्षेचे मला नवल वाटते ते आपल्या परंपरेकडे पाहून. मनगटावर तीन बोटे ठेवून मनुष्याने काल काय खाल्ले ते सांगणाऱ्या नाडीवैद्यांच्या कथा आपण घरोघरी ऐकल्या. पण आपल्याच योगशास्त्राने अहोरात्रीचे श्वास २१,६०० ठरविले, याची भागाकारासाठी कोणाला आठवण होत नाही. दिवसाची मिनिटे १,४४०. भागून पाहा, बरोबर पंधरा येतात. ज्या काळी सेकंदकाटा नव्हता त्या काळी सहा श्वासांचे एक पळ मानून मनुष्य श्वासाने वेळ मोजीत होता; आता मनगटावर सेकंद असताना तो वेळेने श्वास मोजीत नाही!

मोजण्यात एक मेख आहे, ती सांगतो. रुग्णाला कळले की त्याचा श्वास बदलतो. आत्ताच शेजाऱ्याचा मोजून पाहा... बघा, सगळे सभागृह एकदम शिस्तीत श्वास घेऊ लागले. (हशा.) म्हणून नाडी पाहण्याच्या मिषाने मनगट धरावे, हात त्याच्याच पोटावर ठेवावा, दृष्टी छातीवर ठेवावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे, पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याचा कारकुनी हिशेब करू नये. पंचवीसच्या पुढे गेला तर डॉक्टरला उठवावे. तिसाच्या पुढे तर झोपू देऊ नये. आणि अफूच्या जातीचे औषध चालू असताना आठ-दहावर उतरला, तर त्याहूनही लवकर धावावे.

कोणी म्हणेल, बोटाला लावायचे यंत्र आहे की! ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचे तत्त्व शोधले, आणि करोनाच्या काळात साताऱ्या-सांगलीच्या घरांत ते देवघरातल्या घंटेच्या शेजारी जाऊन बसले. त्या यंत्राचे उपकार मोठे आहेत. पण ते प्राणवायू सांगते, कार्बन डायऑक्साइड सांगत नाही. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढविला की आकडा ९७ दिसतो, आणि त्याच वेळी रुग्ण गुंगीत उतरत असतो. नातेवाईक समाधानाने म्हणतात, "आत्ता कुठं डोळा लागलाय, उठवू नका."

याच जिल्ह्यातील हरिपूरच्या हळदीच्या जमिनीखालील पेवांत उतरण्यापूर्वी आत कंदील सोडून पाहण्याची चाल होती. पेव बंद असे, आत प्राणवायू उरत नसे, ज्योत विझली तर माणूस उतरत नसे. हमालाला जी सावधगिरी कळत होती ती आम्हास कळू नये? मात्र कंदिलालाही फक्त प्राणवायूच कळतो. मण्यारीचे उदाहरण घ्या. बत्तीस शिराळ्याने नागाला मान दिला, मण्यारीला तो कोणी दिला नाही. म्हणूनच की काय, ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मुकाट्याने चावते. दंश जाणवत नाही, सूज नसते. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळवत नाही. फुप्फुसे निरोगी, पण छातीचे स्नायू हलविणारा मज्जातंतूंचा हुकूमच पोचत नाही; आणि यंत्रावर आकडा बराच वेळ उत्तम असतो. येथे आणि जीबीएसमध्ये रुग्णाला सांगावे, "एक मोठा श्वास घे आणि एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हण." निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. काल पस्तीस म्हणणारा आज पंधरावर थांबला, तर कृत्रिम श्वसनाची तजवीज तत्काळ करावी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले आहे. पण गडचिरोलीची हकीकत सांगितल्याविना मी उठणार नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे तेथे प्रश्न होता तो मुलांच्या न्यूमोनियाचा. क्ष-किरण यंत्र दूर, डॉक्टर दूर, आणि बाळाजवळ असणारी दाई निरक्षर. दोन महिन्यांखालील मुलाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, वर्षाखालील मुलाचा ५० वा अधिक, हे न्यूमोनियाचे लक्षण. पण पन्नासपर्यंत मोजावे कोणी? त्यांनी एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी ओवलेली एक साधी चौकट केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेल्या मण्यापलीकडे गेले, तर औषध सुरू करायचे. अशा मोजणीवर आणि गावातच दिलेल्या औषधावर बालमृत्यू घटले, आणि १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. ज्या महाराष्ट्रात अक्षरशत्रू दाईने श्वास मोजून लॅन्सेटचे पान मिळविले, त्याच महाराष्ट्रात पदव्युत्तर विद्यार्थी न मोजता वीस लिहितो, याची मला चीड येते. आवाज चढला असेल तर क्षमस्व.

आता उपचार, पाच मिनिटांत. जीर्ण फुप्फुसांच्या रुग्णाला प्राणवायू बेतानेच द्यावा, ८८ ते ९२ टक्के पुरे. अधिकाने गुंगी वाढते. अशांना घट्ट मुखवट्यातून दाबाने हवा दिली, तर पुष्कळदा श्वासनलिकेत घालायची नळी टळते. वायुकोशांत द्रव झिरपलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटरवर श्वास लहान ठेवावा, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ मिलिलिटर. २००० साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १२ ऐवजी ६ दिल्याने मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. रुग्णाला पालथे निजविण्याचा लाभ २०१३ साली फ्रेंच चाचणीने सिद्ध केला, आणि करोनात तो सर्वांनी पाहिला. मण्यारीच्या रुग्णाला सर्पविषावरची लस द्यावीच, पण बिघडलेली मज्जातंतूंची टोके तिने लगेच सुधारत नाहीत. तोवर कित्येक दिवस यंत्राने, यंत्र नसेल तर हाताने फुगा दाबून श्वास चालू ठेवावा. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हेच केले.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: मंत्राने साप उतरतो काय? अधिकांश साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. या दोन गोष्टींवर मांत्रिकाची सगळी कीर्ती उभी आहे. मण्यार चावल्यावर ती टिकत नाही. दुसरी चिठ्ठी एका गृहिणीची आहे: घरी म्हाताऱ्या सासूबाईंचा श्वास मोजावा काय? बाई, अवश्य मोजावा. त्या बऱ्या असताना चारदोनदा मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा, म्हणजे पुढे बिघडला तर तुलनेला आकडा राहील, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो त्यांना सांगावा. तिसरी चिठ्ठी आत्ताच हातात आली. ती अध्यक्षांची आहे आणि तीत प्रश्न नाही, फक्त किती वाजले ते लिहिले आहे. (हशा.)