घड्याळ वाजतंय, ते ऐका

श्रोतेहो, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. सेर्जिओ लिओनेचा १९६५चा इटालियन वेस्टर्न. डोक्यावर इनाम असलेले गुंड टिपून पैसे मिळवणारे दोघं जण, क्लिंट ईस्टवूड आणि ली व्हॅन क्लीफचा कर्नल मॉर्टिमर. कर्नल मात्र इनामासाठी आलेलाच नाही. त्याला बहिणीचा हिशेब चुकता करायचाय.

माझी तक्रार आमच्या भिवापूरच्या पोरांबद्दल आहे. मोबाइलवर सिनेमा लावतात, बोटानं पुढं ढकलतात, गोळीबार आला की थांबतात. वर मलाच सांगतात, "काका, भारी मारामारी आहे!" अरे बाबांनो, ढकलून दिलंत तेवढाच तर सिनेमा होता.

खलनायक इंडिओकडे खिशातलं घड्याळ आहे. झाकण उघडलं की धून वाजते. धून थांबली की पिस्तूल काढायचं, हा त्याचा नियम. एका चर्चमध्ये तो आपल्याशी दगा केलेल्या माणसाला गाठतो. त्याची बायको आणि तान्हं मूल बाहेर न्यायला सांगतो. बाहेर काय होतं ते लिओने दाखवतच नाही. गोळ्यांचे आवाज येतात, आपण बघत असतो तो आत उभ्या बापाचा चेहरा. मग झाकण उघडतं. एन्निओ मोरिकोनेचं संगीत त्या बारक्या धुनेवर चढत चढत जातं. सगळी हिंसा त्या वाट बघण्यात आहे. गोळी सुटते तेव्हा उलट सुटल्यासारखं वाटतं.

आता आपल्या मिरचीचं बघा. भिवापुरी मिरची काय चीज आहे, हे सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठ खुडणाऱ्या बायांना विचारा. पण तीच मिरची वाटून कच्चीच रश्श्यावर भुरभुरली तर? जीभ भाजते, चव काही लागत नाही. आधी तेल तापू द्यावं लागतं. फार तापलं तर तिखट जळतं आणि घरभर ठसका, कमी तापलं तर तर्री येत नाही. लिओने तेलापाशी उभा राहतो. हल्लीचे बरेच सिनेमे डबाच पालथा करतात! आणि लालभडक रंग म्हणजे तिखटपणा, असंही नसतं. या सिनेमात माणसं धडाधड पडतात, पण रक्त किती दिसतं? अगदी थोडं.

म्हणून पुन्हा सांगतो, पुढं ढकलू नका. आणि आवाज बंद करून तर बघूच नका. इटलीत तेव्हा संवाद चित्रीकरणानंतर भरायची पद्धत होती. प्रत्येक आवाज, बुटाचा असो की दाराचा, नंतर निवडून बसवलेला. कोणीतरी विचार करून ठेवलेली गोष्ट आपण फुकट घालवायची?

आपल्याकडे 'शोले'नं हे नेमकं ओळखलं होतं. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तेव्हा झोपाळ्याची करकर आठवा. अहमदचं बघा. आपला सचिन, केवढासा पोरगा. १९७५ साली पडद्यावर आलेल्या 'शोले'त त्याचा खून दिसत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि नंतर घोडा प्रेत घेऊन गावात येतो. मुंगीपाशी थांबायला दम लागतो. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी शेवट मात्र वेगळा चित्रित केला होता. त्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरनं तो बदलायला लावला, पोलीस आणले. सूड पुरा करू द्यायचा की नाही, हे सरकारनं ठरवायचं का, यावर मला बरंच... काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. मॉर्टिमर इनामाचे सगळे पैसे ईस्टवूडला देऊन रिकाम्या हातानं का निघून जातो, तेही राहिलंच. तेवढं तुम्ही बघा, पण न ढकलता.